तिपटीने वाढलेला वाघ

इंग्रजी पेपर मी रागाच्या भरात वाचायला लागले, हे आधीच सांगून टाकते. ज्ञानाची ओढ वगैरे काही नव्हती. बावधनच्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळी मुलगा आणि सून चहा पिता पिता पेपर वाचायचे आणि मध्येच काहीतरी वाचून एकमेकांकडे बघून हसायचे. एकदा मी विचारलं, "काय गं, काय झालं?" सून म्हणाली, "काही नाही हो आई, समजावून सांगायला वेळ लागेल." झालं! माझं डोकंच फिरलं. पंचवीस वर्षं अंगणवाडी चालवली मी. गावातल्या दोन पिढ्यांची नाकं पुसली, सरकारचे हातभर लांब तक्ते भरले, आणि मला समजावून सांगायला हिला वेळ लागणार! दुसऱ्या दिवशी मी तिच्या आधी उठले, दारातला पेपर उचलला आणि शब्दकोश घेऊन बसले.

सुरुवातीला घाम फुटला. पण काही महिन्यांत बरंच जमायला लागलं. अपघात, चोऱ्या, पाणीकपात, पुढाऱ्यांची भाषणं, सगळं थोडंफार कळायचं. शब्द अडला तर तो शोधता येतो. मला खरं गोंधळात टाकलं ते तुलनांनी. अमक्यापेक्षा तमकं इतकं जास्त, इतकं कमी, इतक्या पट. यातले सगळे शब्द सोपे असतात, पहिलीच्या पोराला येतील असे, आणि ते एकत्र आले की काही म्हणजे काही कळत नाही.

एकदा "टू टाइम्स लेस" असं आलं. दोन पटीने कमी! आता एखादी वस्तू एक पटीने कमी केली की भांडं रिकामं झालं. दुसऱ्यांदा कमी करायला काय शेजारणीकडून उसनं आणायचं? "नो लेस दॅन" दिसलं की वाटायचं काहीतरी कमी पडलंय, आणि निघायचं उलटंच, भरपूर आहे म्हणून सांगतायत. "अप टू" मात्र मला दुकानदारांनी आधीच शिकवलं होतं. बाहेर पाटीवर भली मोठी सूट आणि आत गेलं की ती फक्त रुमालांवर.

आणि ते "थ्री टाइम्स मोअर दॅन". त्यावरून आमच्या घरात एका सकाळी पोहे थंड झाले. मी सहज विचारलं, "आधी एक होतं आणि ते असं थ्री टाइम्स मोअर झालं, तर आता किती?" मुलगा म्हणाला, तीन. सून म्हणाली, चार, कारण तीन वाढले आणि मूळचा एक आहेच. "अगं, लोक बोलताना तीनच धरतात." "लोक काय धरतात त्याला काय अर्थ आहे?" दोघंही हिंजवडीला इंजिनियर, बरं का! भांडण पोह्यांवरून सुरू झालं ते मागच्या दिवाळीला आधी कुणाच्या आईकडे जायचं ठरलं होतं इथपर्यंत गेलं. मी आपलं वहीत लिहून ठेवलं, तीन किंवा चार, पुन्हा विचारू नये.

एवढं कळल्यावर शहाण्या माणसानं गप्प बसावं. मी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले. आमच्या भावकीचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यावर रोज सकाळी इंग्रजी पेपरातली एक बातमी मराठीत लिहून टाकायला लागले. लोक अंगठे दाखवायचे, हात जोडायचे. माझा धाकटा भाऊ तर गावात चारचौघांत सांगायचा, "आमची अक्का इंग्रजी पेपर वाचती." हे माझ्या कानावर आलं की अंगावर मूठभर मांस चढायचं.

आता आत्याचं सांगते, कारण गोष्ट तिची आहे. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी आली, ती कायमची. घोटावड्याच्या पुढं आमचं गाव, आणि गावाच्या वर, डोंगराच्या पोटाशी आमचं रान. तिथं पत्र्याचं दोन खोल्यांचं घर आणि लागून गोठा. चाळीस वर्षं ती तिथं एकटी राहते आहे. आता सत्तरीच्या पुढं गेली. दोन म्हशी, एक कुत्रं आणि भाताची चार खाचरं एवढा तिचा संसार. सकाळी दूध काढून खाली वळणावर नेते आणि डेअरीच्या टेंपोत देते. भाऊ खाली गावात राहतो. लवळ्याच्या कॉलेजांत शिकणाऱ्या पोरांसाठी त्यानं खोल्या बांधल्या आहेत. कुणाचा नळ तुंबला, कुणाचा गीझर जळला, यात त्याचा दिवस जातो. वर रानात तो भात लावायला आणि काढायला जातो.

आत्याला खाली आणायचं, हा विषय घरात अधूनमधून निघायचा आणि विरायचा. एकदा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती आठ दिवस माझ्याकडे बावधनला होती, चौथ्या मजल्यावर. रोज सकाळी उठून बाल्कनीचा कठडा धरून उभी राहायची आणि मला विचारायची, "हितनं भाईर कुटनं जायाचं गं?" आठव्या दिवशी डॉक्टरांनी जा म्हटल्यावर ती तशीच काळा चष्मा लावून रिक्षात बसली. चहा प्यायलासुद्धा वर आली नाही.

गणपती नुकतेच गेले होते. रानात गवत कमरेएवढं झालं असेल, असे ते दिवस. मंगळवारी सकाळी पेपरच्या आतल्या पानावर मला आमच्या पट्ट्याचं नाव दिसलं. तीन ओळींची बातमी, कोपऱ्यात. मथळा असा होता, की आमच्या भागातले लेपर्ड अलर्ट्स गेल्या मान्सूनपेक्षा थ्री टाइम्स मोअर. डोळ्यांपुढं आत्या आली, गवतात वाकून कापणी करताना. मी लगेच ग्रुपवर लिहिलं, "सावधान! आपल्या भागात बिबट्यांचा धोका तीन पटीने वाढला. इंग्रजी पेपरात आले आहे."

आता खरं बोलायचं तर मूळ बातमीत धोका हा शब्दच नव्हता. अलर्ट होता, म्हणजे इशारा, सूचना. मी इशाऱ्याचा धोका केला, कारण लिहिताना धोका जास्त जोरकस वाटला. माझा गुन्हा मी कबूल करते. पण पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. दुपारपर्यंत ग्रुपवर धोक्याचे बिबटे झाले. बिबटे तिप्पट झाले म्हणे! कुणी लिहिलं, मादीनं पिल्लं घातली. कुणी लिहिलं, दुसरीकडचे पकडून रात्रीत आपल्याकडं आणून सोडले. संध्याकाळी एका चुलत वहिनीचा मला फोन, की किती वाघ आहेत गं नक्की (गावाकडं बिबट्यालाही वाघच म्हणतात), तूच पहिल्यांदा सांगितलंस ना?

मग भावाचा फोन आला. "अक्का, आता बास झालं. आत्याला खाली आनायची."

"ती येणार नाही रे."

"न यून कुनाला सांगती? उद्या काय झालं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. पेपरात आलं व्हतं तरी म्हातारीला वर ठिवली म्हनतील. म्या म्हशींचं बोलून टाकलंय. रव्वारी सकाळी धा वाजता यापारी टेंपो घिऊन येतुया."

"आणि आत्या राहणार कुठं? तुझ्या खोल्या तर भरलेल्या आहेत."

"जिन्याखाली बाज टाकतो की. एखादं पोरगं खोली सोडंल तवा खोली दीन."

मला हे सगळं पटलं. हे मला अजून टोचतं, म्हणून लिहिते. तेव्हा मला सगळं पटलं, वर असं वाटलं की बरं झालं मी पेपर वाचते, नाहीतर म्हातारीचं काय झालं असतं.

गुरुवारी मी गावी गेले आणि आम्ही दोघं सांगायला वर रानात गेलो. आत्या पडवीत भात मोजत होती, गिरणीला न्यायचं होतं. लाकडी पायली भरायची, हातानं वरून सपाट करायची आणि पोत्यात ओतायची. आमच्याकडं धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. मोजताना आत्या कुणाशी बोलत नाही, कारण चुकलं तर सगळं ओतून पुन्हा लाभापासून. आम्ही चपला काढून गुपचूप उभे राहिलो. शेवटचं माप झालं तेव्हा तिनं वर बघितलं.

भावानं एका दमात सगळं सांगून टाकलं. वाघरू, पेपर, रविवार, टेंपो, जिन्याखालची बाज. आत्यानं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "तिप्पट झालं म्हंतीस. कशाच्या तिप्पट?"

"गेल्या पावसाळ्याच्या."

"गेल्या पावसाळ्यात किती व्हतं?"

"ते पेपरात दिलेलं नाही."

"आगं बया!" तिनं पायली खाली ठेवली. "लाभ किती त्येच ठावं न्हाई, आन् तू एकदम तिप्पट म्हनतीस व्हय? एका दाण्याची तिप्पट तीन दाणं. एका पोत्याची तिप्पट तीन पोती. तुझ्या पेपरात काय हाय, दाणा का पोतं?"

मला राग आला. शाळेची पायरी न चढलेली बाई मला शिकवणार! मी म्हटलं, "आत्या, पेपरवाले काय खोटं छापतात का?"

"खोटं कोन म्हनलं? आरधं हाय म्हनलं मी."

"आत्या, आता वाद नगं," भाऊ म्हणाला. "ठरलंय."

आत्यानं पोत्याचं तोंड बांधलं, उठली, पदर झटकला. आत्या आमच्या घरात सगळ्यांत उंच, दारातून येताना मान वाकवावी लागते तिला. गोठ्याकडं जाता जाता तिनं भावाला एवढंच विचारलं, "जिन्याखाली माझं पाय मावतील का रं?" भाऊ म्हणाला, "मावतील की." ती गोठ्यात गेली ती आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही. एरवी आत्या शिव्या घालते. त्या दिवशी तिनं एक शिवी दिली नाही.

बावधनला परत आले, पण तो प्रश्न काही सोडेना. दाणा का पोतं? मी ती बातमी पुन्हा काढून वाचली, चष्मा पुसून वाचली. तिप्पट आहे, पण कशाची ते नाहीच. सुनेला दाखवली. तीही दोनदा वाचून म्हणाली, "खरंच की हो आई, आधीचा आकडाच नाहीये. वाचताना लक्षातच येत नाही." मला जरा बरं वाटलं. निदान इंजिनियरच्याही लक्षात आलं नव्हतं.

शनिवारी मी वनरक्षकाला फोन लावला. आमच्या भागातल्या डोंगराची राखण त्याच्याकडं आहे, सगळे त्याला गार्ड म्हणतात. त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. तो का होता, हे खरं म्हणजे मला त्याच वेळी आठवायला हवं होतं, पण मेलं नाही आठवलं. दिवसभर फोन लागेना, तो डोंगरात असणार. संध्याकाळी लागला. "उद्या सकाळी चौकीवर या, नोंदवही दाखवतो," म्हणाला.

रविवारी पहिल्या बसनं निघाले. चौकी म्हणजे एक खोली, एक टेबल, बाहेर गंजलेला पिंजरा. गार्ड तिशी-पस्तिशीचा, वरच्या वाडीचाच माणूस. मला बघून हसला.

"या ताई. आता परत काय दिसलं तुमाला?"

परत का म्हणाला, ते मला कळलं नाही. मी घाईतच होते. म्हटलं, "दादा, मला फक्त एक सांगा. गेल्या पावसाळ्यात बिबट्याच्या किती नोंदी होत्या?"

त्यानं वही उघडली, पानं उलटली. "येक."

"एकच?"

"येकच."

"आणि या पावसाळ्यात?"

"च्यार."

मी खुर्ची ओढून बसले. एक आणि वर तीन, झाले चार. म्हणजे सून बरोबर होती, पण मरू दे ते! पोतं नव्हतं हो, दाणा होता. चार नोंदी. अख्ख्या पट्ट्यात, अख्ख्या पावसाळ्यात चार. माझ्या छातीवरचं अर्धं ओझं तिथंच उतरलं. "जरा बघू," म्हणून मी वही माझ्याकडं ओढली.

पहिली नोंद वाडीतल्या एका बाईची. लाकडं आणायला गेली असताना डोंगराच्या वरच्या धारेवरून बिबट्या जाताना पाहिला. दुसरी, तिसरी, चौथी, तिन्ही एकाच तारखेच्या. सकाळी सव्वानऊ, साडेनऊ, पावणेदहा. फोन कुणी केला त्या रकान्यात एकच नाव, तीन वेळा.

माझं.

आता आठवलं. नागपंचमीला मी आत्याकडं गेले होते, दरवर्षी जाते तशी. सकाळी घरामागच्या गंजीजवळ गवतात काहीतरी पिवळं हललं. आत्या खाली दूध द्यायला गेलेली. मी दार लावून गार्डला फोन केला, रेंजची एक काडी त्या दिवशी नेमकी होती. तो येतो म्हणाला, पण मला कुठला धीर? पुन्हा गवत हललं, मी पुन्हा केला. मग शेपूट दिसलं, मी तिसऱ्यांदा केला. तासाभरात तो मोटारसायकलवर आला, चिखलातले ठसे बघितले आणि म्हणाला, "बाऊल हाय ताई, रानमांजर. उंदरामागं आलंय." चहा पिऊन गेला. मी लाजले आणि विसरून गेले. आत्याला सांगितलंही नाही, ती वर्षभर चिडवत बसली असती.

वहीत शेवटच्या रकान्यात तिन्ही ठिकाणी त्याच्या अक्षरात लिहिलेलं होतं, "पाहणी केली. रानमांजर."

"अहो, पण मग हे तीनदा कशाला लिहिलंत?"

"फोन आला की नोंद करायचीच, असा नेम हाय. काय निघालं त्ये शेवटच्या रकान्यात. पेपरवाल्यानं नोंदी इचारल्या, म्या नोंदी सांगितल्या. काय निघालं त्ये त्यानं इचारलं न्हाई."

मीही पंचवीस वर्षं वह्याच भरल्या. एका महिन्यात एकाच पोराचं वजन मी तीनदा घेतलं होतं, त्याच्या आईला काळजी होती म्हणून, आणि वर गेलेल्या तक्त्यात कमी वजनाची तीन पोरं झाली होती. वरून साहेब आला चौकशीला, तेव्हा मी त्याच्यावर खेकसले होते, की वही नीट वाचता येत नाही का? आणि आता मीच साप साप म्हणून भुई धोपटली, आणि साप म्हणजे मीच! मला हसू यायला लागलं. ते थांबेचना. डोळ्यांतून पाणी, पोटात दुखायला लागलं. गार्ड घाबरून तांब्याभर पाणी घेऊन आला.

"म्हणजे खरा बिबट्या या वर्षी किती?"

"येक. गेल्या वर्षी बी येक. बहुतेक त्योच. दरसाल वरच्या धारंनं जातुया, गावाकडं बगत बी न्हाई. तरी सांगतो, गोठ्याला कडी लावायची, दिवेलागणीला गवतात वाकून बसायचं न्हाई. पर तुमच्या आत्याला म्या काय सांगायचं? माझ्या लहानपणी त्यांनीच ह्ये मला शिकिवलंय."

घड्याळात बघितलं, साडेनऊ वाजून गेलेले. दहाला टेंपो येणार होता! भावाला फोन लावला, लागेना, वर रानात रेंजचा भरवसा नाही. गार्डनं काही न विचारता मोटारसायकल काढली. त्या चिखलाच्या रस्त्यावर मी साठीची बाई त्याच्या मागं बसून एवढंच म्हणत होते, "दादा, अजून जोरात घ्या, अजून जोरात."

पोचलो तेव्हा टेंपो बांधाला मागची बाजू लावून उभा होता. फळी टाकलेली. मोठी म्हैस पुढचे दोन पाय फळीवर ठेवून अडून राहिली होती. व्यापारी बाजूला उभा, भाऊ मागून ढकलतोय, आणि दावं आत्याच्या हातात. दुसऱ्या कुणाच्या हातानं म्हैस चढेना, म्हणून तीच टेंपोत वर उभी राहून तिला बोलावत होती. "ये बाय, ये," असं हळू म्हणत होती.

"थांबा!" मी ओरडले. "नका चढवू! वाघ नाही! वाघ मी आहे!"

मग मी धापा टाकत सगळं सांगितलं. एक नोंद, चार नोंदी, नागपंचमी, तीन फोन, रानमांजर. गार्डनं मान डोलावली. भावाचा चेहरा लाल झाला.

"म्हंजी तूच फोन केलंस, तुझंच तू पेपरात वाचलंस, आन् आमाला भ्या घातलंस?"

"हो."

"आन् म्या चार दिस घास गिळला न्हाई गं, अक्का!"

"हो रे बाबा. चुकलं माझं."

व्यापारी मोठ्यानं हसला. "आयला, ह्ये बेस झालं. वाघ न्यायला सांगा तर मंग, म्हस ऱ्हाऊ द्या," म्हणाला आणि फळी ओढायला लागला. बरा माणूस होता, कटकट केली नाही. म्हैस आपली आपण मागं सरली आणि कुणी हाकायच्या आत गोठ्यात जाऊन उभी राहिली. भाऊ बांधावर बसला. आधी शिव्या दिल्या मला, मनापासून, आणि मग उपरण्यात तोंड घालून हसायला लागला. हसता हसता डोळे पुसायला लागला. मला तेव्हा कळलं, त्यालाही आत्याला जिन्याखाली ठेवायचं नव्हतं. लोक काय म्हणतील याच्या भीतीनं त्यानं ते ठरवलं होतं आणि कुणीतरी नको म्हणावं याची वाट बघत होता.

मला किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही. एवढी मोठी चूक केल्यावर माणसाला वाईट वाटायला हवं, पण मला नुसता आनंद झाला होता. वाघ वाढला नव्हता. आत्या सुखरूप होती, आणि म्हशी दोन्ही गोठ्यात. तिथल्या तिथं वळणापर्यंत खाली चालत गेले, रेंज आल्यावर ग्रुपवर लिहिलं, "बिबटे वाढलेले नाहीत. तीन नोंदी माझ्याच होत्या. ते रानमांजर होते. क्षमस्व." एकाच मिनिटात हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. लागू दे.

परत वर आले तर आत्यानं सगळ्यांना चहा केला होता. गार्ड पडवीत बसला होता, भाऊ भिंतीला टेकलेला. भाऊ मोठेपणानं म्हणाला, "चला, मिटलं. आत्या, आता तुला भ्यायाचं काय कारन न्हाई."

"मी कवा भ्याले?" आत्या म्हणाली. ती कपबशा गोळा करत होती. "वाघरू वर्साला येकदा येतंया. कुत्रं वरडतं, मी आतनं कडी लावती, त्ये आपल्या वाटंनं जातंया. चाळीस वर्सं ह्येच हाय." मग ती थांबली आणि माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, अगदी सरळ. "तू बी वर्साला येकदाच येतीस की गं. वाघरू येतं त्ये त्येच्या वाटंनं. तू औंदा दुसऱ्यांदा आलीस, ती मला न्यायला."

भाऊ खाली बघायला लागला. गार्डनं उठून हेल्मेट हातात घेतलं. तिनं वर्षं मोजली होती, माझ्या येण्याची आणि त्याच्या येण्याची, आणि आकडा खरा होता. आधीचा खरा, आताचा खरा, दोन्ही तिच्याजवळ होते.

मी पुन्हा वळणापर्यंत उतरले आणि सुनेला फोन केला. म्हटलं, मी आठ दिवस इथंच राहते आहे, माझे कपडे कुणाबरोबर तरी पाठवून दे. ती म्हणाली, "आई, बरं आहे ना सगळं?" मी म्हटलं, सगळं बरं आहे, आणि वर चढायला लागले.